एडिटरमधील प्लगइनचा दोष कसा शोधावा?

शासकीय कार्यालये, शाळा, महाविद्यालये व ग्रामपंचायती यांच्या दैनंदिन कामकाजात संगणक आता रुळला आहे. तयार प्रोग्रॅम वापरणाऱ्यांबरोबरच स्वतः प्रोग्रॅम लिहू पाहणाऱ्यांची संख्याही वाढत आहे. उच्च माध्यमिक स्तरावर माहिती तंत्रज्ञान हा विषय घेणारे विद्यार्थी एचटीएमएल व जावास्क्रिप्ट यांचे पाठ गिरवितात, तर काही उत्साही शिक्षक आणि कर्मचारी आपल्या कामापुरते लहानसे प्रोग्रॅम तयार करतात. हे लेखन ज्या साधनावर होते, त्यास टेक्स्ट एडिटर असे म्हणतात. सुताराला जशी पटाशी, तसा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला एडिटर. हे हत्यारच बिघडले की काम अडते, वेळ वाया जातो आणि नवशिक्या विद्यार्थ्याच्या मनात आपल्यालाच हे जमत नाही, अशी अढी बसते.

एडिटरच्या बिघाडाचे मूळ पुष्कळदा त्याला बाहेरून जोडलेल्या प्लगइनमध्ये असते. ते कसे शोधावे, याची एक निश्चित पद्धत आहे. तिच्यासाठी मोठ्या तांत्रिक ज्ञानाची गरज नाही. गरज आहे ती शिस्तीची. या पद्धतीची ओळख करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एडिटर आणि प्लगइन

टेक्स्ट एडिटर हा साधा मजकूर लिहिण्याचा व सुधारण्याचा प्रोग्रॅम होय. अक्षरांचा आकार, रंग, समास इत्यादी सजावट तो फाइलमध्ये साठवीत नाही. केवळ अक्षरे साठवितो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत बिल जॉय यांनी १९७६ मध्ये 'व्ही-आय' हा एडिटर लिहिला. त्याच परंपरेत नेदरलँड्सचे ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ मध्ये 'व्हिम' हा एडिटर लोकांसमोर ठेवला. 'ईमॅक्स' या दुसऱ्या परंपरेचा प्रारंभही १९७६ चाच. मायक्रोसॉफ्टचा 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' हा त्यामानाने अलीकडचा, म्हणजे २०१५ मधील. या लेखातील उदाहरणे मुख्यतः व्हिममधील आहेत. परंतु त्यांमागील तत्त्व सर्व एडिटरांना सारखेच लागू पडते.

मूळ एडिटरमध्ये नसलेली एखादी सोय त्यात आणणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे प्लगइन. कोणी शब्द अर्धवट लिहिताच तो पूर्ण करून देतो, कोणी चुकलेल्या ओळीवर खूण करतो, तर कोणी फाइलींची यादी बाजूला मांडून दाखवितो. अशी प्लगइने एकमेकांपासून स्वतंत्रपणे, निरनिराळ्या देशांतील निरनिराळ्या व्यक्तींनी लिहिलेली असतात. मात्र ती चालतात एकाच घरात. व्हिममध्ये सर्व प्लगइने एडिटरच्याच प्रक्रियेत चालतात. कळफलकावरील कळा, एडिटरच्या मांडण्या आणि स्मृती ही सर्वांची सामाईक मालमत्ता असते. त्यामुळे एकाने केलेला बदल दुसऱ्याच्या आड येऊ शकतो. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये प्लगइने वेगळ्या प्रक्रियेत चालविली जातात, जेणेकरून एखादे अडले तरी मूळ खिडकी थांबू नये. तथापि तेथेही ती परस्परांच्या कामात अडथळा आणू शकतातच.

पहिले पाऊल : लिहिलेले सुरक्षित करणे

बिघाड दिसताच मनुष्याची पहिली प्रवृत्ती काहीतरी बदलून पाहण्याची असते. ती आवरली पाहिजे. सर्वप्रथम हातातील काम सुरक्षित करावे. व्हिम एडिटर मजकुराची एक तात्पुरती प्रत, जिला 'स्वॅप फाइल' म्हणतात, आपण होऊन ठेवीत असतो. काही वेगळी मांडणी केलेली नसेल, तर सुमारे २०० अक्षरे लिहून झाल्यावर किंवा ४ सेकंद हात थांबल्यावर ही प्रत अद्ययावत होते. वीज गेल्यास किंवा एडिटर अचानक बंद पडल्यास तीच फाइल पुन्हा उघडताना व्हिम सूचना देतो. त्या वेळी 'रिकव्हर' हा पर्याय निवडल्यास बहुतेक मजकूर परत मिळतो. सूचना न वाचता स्वॅप फाइल पुसून टाकणे, ही नवशिक्यांची नेहमीची हानी होय.

यानंतर एडिटरच्या मांडणीची फाइल, व्हिममध्ये जिला 'व्हिमआरसी' म्हणतात, तिची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवावी. शोध घेताना आपण जे बदल करणार, ते सर्व पूर्ववत करता आले पाहिजेत. हे केल्याशिवाय पुढील कोणतेही पाऊल टाकू नये.

दुसरे पाऊल : तक्रार नेमकी करणे

"एडिटर नीट चालत नाही" हे वाक्य निरुपयोगी आहे. काय घडावे अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात काय घडले, कोणत्या प्रकारची फाइल उघडली असता घडले, आणि केव्हापासून घडू लागले, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. त्यानंतर तोच दोष मुद्दाम पुन्हा घडवून पाहावा. जो दोष हवा तेव्हा घडविता येतो, तो अर्धा सापडल्यासारखाच असतो. जो कधी दिसतो व कधी दिसत नाही, त्याच्या बाबतीत दिसण्याच्या वेळची परिस्थिती नोंदवीत राहावे लागते.

पडद्यावर उमटलेला त्रुटीसंदेश शब्दशः उतरवून घ्यावा. तो क्षणात नाहीसा झाला, तर व्हिममध्ये 'मेसेजेस' ही आज्ञा दिल्यास अलीकडचे संदेश पुन्हा दिसतात. (आज्ञा प्रत्यक्षात रोमन अक्षरांतच लिहावयाच्या असतात, येथे त्यांचे केवळ उच्चार दिले आहेत.) संदेशात बहुधा कोणत्या फाइलीच्या कितव्या ओळीवर अडचण आली, हे लिहिलेले असते. ते न वाचता अंदाज बांधणे म्हणजे पत्ता हातात असताना गावभर विचारीत फिरणे होय.

तिसरे पाऊल : कोरा एडिटर

आता आरोपी कोण, हे ठरविण्यापूर्वी गुन्हा कोणाच्या हद्दीत घडला, हे ठरवावे. व्हिम सुरू करताना त्याच्या नावापुढे दोन आडव्या रेघा देऊन 'क्लीन' हा शब्द जोडला, तर वापरणाऱ्याची मांडणी व त्याने बसविलेली प्लगइने बाजूला ठेवून एडिटर मूळ स्वरूपात उघडतो. ईमॅक्समध्ये हेच काम एक आडवी रेघ व मोठे 'क्यू' हे अक्षर करते. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये सर्व एक्स्टेन्शन बंद ठेवून तो सुरू करण्याची सोय आहे.

कोऱ्या एडिटरमध्येही दोष तसाच दिसला, तर आपण बसविलेली प्लगइने निर्दोष आहेत. मग कारण खुद्द एडिटरमध्ये, टर्मिनलमध्ये किंवा संगणकाच्या प्रणालीत शोधावे. दोष नाहीसा झाला, तर तो आपल्या मांडणीत अथवा प्लगइनमध्ये आहे. या दोहोंतील फरक करण्यासाठी व्हिममध्ये 'नोप्लगइन' हा तिसरा पर्याय आहे. त्यात व्हिमआरसी वाचली जाते, पण प्लगइने आपोआप चढविली जात नाहीत. अशा रीतीने केवळ दोन-तीन चाचण्यांत शोधाचे क्षेत्र पुष्कळच आकुंचित होते.

या पायरीचे महत्त्व एका नेहमी आढळणाऱ्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका विद्यार्थ्याने व्हिमआरसीत ओळीचे अंतर २ मोकळ्या जागांचे ठरविले आहे. पायथॉन भाषेची फाइल उघडली की मात्र अंतर ४ जागांचे पडते. त्याने कालच एक नवे प्लगइन बसविलेले असल्यामुळे संशय साहजिकच त्याच्यावर जातो. पायथॉनमध्ये ओळीच्या आरंभी सोडलेल्या जागेवरच प्रोग्रॅमचा अर्थ अवलंबून असतो. एकाच खंडात २ व ४ जागांची सरमिसळ झाली, तर प्रोग्रॅम चालतच नाही. म्हणजे प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. परंतु कोऱ्या एडिटरमध्ये पायथॉनची फाइल उघडली, तरीही अंतर ४ जागांचेच पडते. नवे प्लगइन निरपराध ठरते. व्हिमबरोबरच येणारी पायथॉनसंबंधीची फाइल, त्या भाषेच्या शिफारशीत लेखनशैलीला अनुसरून, हे अंतर ४ करीत असते आणि ती व्हिमआरसीनंतर वाचली जात असल्यामुळे तिचाच शब्द अखेरचा ठरतो.

चौथे पाऊल : शेवटचा हात कोणाचा?

वरील उदाहरणातील खरे कारण थेट विचारूनही कळू शकते. व्हिममध्ये एखाद्या मांडणीची किंमत विचारताना आधी 'व्हर्बोज' हा शब्द लावला, तर ती किंमत शेवटी कोणत्या फाइलीने ठरविली, हे एडिटर स्वतः सांगतो. कळांच्या बाबतीतही हीच आज्ञा 'मॅप' या शब्दासह वापरता येते. अमुक कळ दाबली असता काय होते व ते कोणी ठरविले, याची नोंद समोर येते.

कळांवरून होणारे तंटे फार सामान्य आहेत. 'यू-कम्प्लीट-मी' हे शब्दपूर्ती करणारे प्लगइन आणि 'अल्टिस्निप्स' हे ठरीव मजकूर भरणारे प्लगइन ही दोन्ही मुळात टॅब या एकाच कळेवर हक्क सांगतात. दोन्ही चांगली आहेत, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. तरी एकत्र आली की एकाचे काम बंद पडते. अशा वेळी कोणतेही काढून टाकण्याचे कारण नाही. एकास दुसरी कळ नेमून दिली की तंटा मिटतो.

कोणत्या फाइली कोणत्या क्रमाने वाचल्या गेल्या, हे पाहावयाचे असल्यास 'स्क्रिप्टनेम्स' ही आज्ञा आहे. एडिटर उघडण्यास फार वेळ लागत असेल, तर 'स्टार्टअपटाइम' हा पर्याय देऊन तो सुरू करावा. कोणत्या फाइलीने किती मिलिसेकंद घेतले, याचा तक्ता एका फाइलीत लिहून मिळतो.

पाचवे पाऊल : निम्मे-निम्मे करणे

प्रत्येक वेळी कारण असे सरळ सापडत नाही. प्लगइने १६ आहेत आणि दोष त्यांपैकी एकात आहे एवढेच ठाऊक आहे, अशा स्थितीत एकेक बंद करून पाहिले तर १५ वेळा चाचणी घेण्याची पाळी येऊ शकते. त्याऐवजी निम्मी, म्हणजे ८ बंद करावीत. दोष राहिला तर तो चालू असलेल्या ८ मध्ये आहे. गेला तर बंद केलेल्या ८ मध्ये. पुढे ८ चे ४, ४ चे २ आणि २ चे १ असे करीत केवळ ४ चाचण्यांत शोध संपतो. प्लगइने ३२ असली तर ५ आणि ६४ असली तर ६ चाचण्या पुरतात. संख्या दुप्पट झाली, तरी श्रम एकाच चाचणीने वाढतात, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

ग्रामीण भागातील वाचकांना ही पद्धत नवी वाटू नये. वीजवाहिनीवर बिघाड झाला असता लाइनमन प्रत्येक खांब तपासीत जात नाही. मधला स्विच उघडून वाहिनीचा कोणता भाग सदोष आहे, हे तो आधी ठरवितो. जलवाहिनीची गळती शोधतानाही व्हॉल्व्ह बंद करून असेच भाग पाडले जातात. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये तर हे निम्मे-निम्मे करण्याचे काम एडिटर स्वतःच करतो. 'एक्स्टेन्शन बायसेक्ट' ही आज्ञा दिल्यावर तो निम्मी प्लगइने बंद करतो आणि दोष अजून दिसतो काय, एवढेच वापरणाऱ्याला विचारीत जातो.

येथे तीन पथ्ये पाळावी लागतात. पहिले, प्रत्येक चाचणीपूर्वी एडिटर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. अन्यथा आधीच्या प्लगइनचे अवशेष स्मृतीत राहतात. दुसरे, एका वेळी एकच बदल करावा. तिसरे, दोष दोन प्लगइनांच्या संयोगातून उद्भवत असेल, ही शक्यता ध्यानात ठेवावी. पहिला अर्धा भाग एकटा चालविला तरी दोष नाही, दुसरा एकटा चालविला तरी नाही, पण दोन्ही मिळून चालविले की आहे, असे आढळल्यास हा संयोगाचा दोष समजावा. मग एक अर्धा भाग पूर्ण चालू ठेवून दुसऱ्याचेच निम्मे-निम्मे करीत जावे. त्यातील एक सापडले की ते चालू ठेवून पहिल्या भागाची तशीच तपासणी करावी.

एक प्लगइन हाती लागले म्हणजे शोध संपला, असे मात्र मानू नये. इतर सर्व चालू ठेवून फक्त तेवढेच बंद करावे आणि दोष गेल्याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर ते पुन्हा चालू करावे व दोष परत येतो, हेही पाहावे. ही उलटतपासणी केल्यावाचून कोणासही दोषी ठरवू नये.

सहावे पाऊल : कारणाचा निर्णय

दोषी प्लगइन सापडल्यावर त्याच्यात नेमके काय बिघडले, हे पाहावे. कारणे साधारणतः चार प्रकारची असतात. प्लगइनला लागणारा दुसरा प्रोग्रॅम संगणकावर नसतो, किंवा एडिटर त्या सोयीसह तयार केलेला नसतो. उदाहरणार्थ, यू-कम्प्लीट-मीला पायथॉन-३ चा आधार असलेला व्हिम लागतो. 'व्हर्जन' ही आज्ञा दिली असता एडिटरमध्ये कोणत्या सोयी आहेत, त्यांची यादी अधिक व उणे चिन्हांसह दिसते. दुसरे कारण एडिटर जुना व प्लगइन नवे, अथवा याच्या उलट. तिसरे, आपण केलेली मांडणी चुकीची. चौथे, प्लगइनच्या नव्या आवृत्तीत शिरलेली खरोखरची चूक.

या शेवटच्या प्रकारात पूर्वीच्या आवृत्तीकडे परत जाणे, हा तात्पुरता उपाय असतो. बहुसंख्य प्लगइने 'गिट' या आवृत्ती-नोंद प्रणालीत ठेवलेली असल्यामुळे ते शक्य होते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेल्या या प्रणालीत 'बायसेक्ट' नावाचीच आज्ञा आहे. चांगली ठाऊक असलेली एक जुनी आवृत्ती व बिघडलेली एक नवी आवृत्ती सांगितली की ती मधल्या आवृत्त्या निम्म्या-निम्म्याने पुढे करते. मध्ये १००० बदल झालेले असले, तरी सुमारे १० चाचण्यांत दोषाचा जन्म कोणत्या बदलात झाला, हे कळते.

कर्त्यास कळविणे

सापडलेला दोष आपल्यापुरता टाळून स्वस्थ बसू नये. तो प्लगइनच्या कर्त्यास कळवावा. हे कर्ते पुष्कळदा फावल्या वेळात, विनामोबदला काम करणारे लोक असतात. त्यांचा वेळ वाचेल, असा अहवाल द्यावा. त्यात एडिटरची व प्लगइनची आवृत्ती, संगणकाची प्रणाली, दोष घडविण्याच्या क्रमवार पायऱ्या, अपेक्षित व प्रत्यक्ष परिणाम आणि त्रुटीसंदेश एवढे असावे. सोबत केवळ तेवढ्याच ओळींची व्हिमआरसी जोडावी, की जिच्यावर दोष निश्चित घडतो. तोच दोष कोणी आधी कळविला आहे काय, हेही पाहावे. कार्यालयाची कागदपत्रे, नागरिकांची नावे किंवा पासवर्ड चुकूनही अहवालात जाऊ देऊ नयेत.

या क्षेत्रातील सेवावृत्तीचे एक उदाहरण येथे नमूद करणे उचित ठरेल. व्हिमचे जनक मोलेनार यांनी १९९४ मध्ये युगांडातील किबाले येथील बालकेंद्रात वर्षभर पाणीपुरवठा व स्वच्छता अभियंता म्हणून स्वयंसेवा केली. पुढे त्यांनी व्हिम सर्वांना विनामूल्य दिला आणि ज्यांना तो उपयुक्त वाटेल त्यांनी युगांडातील गरजू मुलांसाठी देणगी द्यावी, एवढेच आवाहन केले. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले; त्यांच्या पश्चात इतर स्वयंसेवकांनी व्हिमचे काम पुढे चालविले आहे.

विश्वासाचा प्रश्न

प्लगइन हे एडिटर चालविणाऱ्या व्यक्तीच्या सर्व अधिकारांनिशी चालते. जी फाइल आपण वाचू शकतो, ती तेही वाचू शकते. म्हणून प्लगइन बसविणे म्हणजे अभिलेख-कक्षाची किल्ली परक्याच्या हाती देण्यासारखे आहे. २०१८ मध्ये 'इव्हेंट-स्ट्रीम' या जावास्क्रिप्टच्या लोकप्रिय प्रोग्रॅमसंचाची देखभाल मूळ कर्त्याने एका अनोळखी इच्छुकाकडे सोपविली आणि त्यानंतर आभासी चलनाच्या चोरीसाठी लिहिलेला मजकूर त्यात शिरल्याचे उघडकीस आले. २०१९ मध्ये खुद्द व्हिममध्ये असा दोष आढळला होता, की मुद्दाम रचलेली मजकुराची फाइल नुसती उघडली तरी तीतून संगणकाला आज्ञा दिल्या जाऊ शकत. तो त्वरित दुरुस्त करण्यात आला; परंतु ज्यांनी नवी आवृत्ती घेतली नाही, त्यांच्या संगणकावर तो राहिलाच.

यावरून काही नियम निघतात. गरजेपुरतीच प्लगइने ठेवावीत. वापरात नसलेली काढून टाकावीत. एडिटर अद्ययावत ठेवावा. कार्यालयीन अभिलेख असलेल्या संगणकावर वरिष्ठांच्या परवानगीवाचून कोणतेही प्लगइन बसवू नये. शाळेच्या संगणककक्षात सर्व यंत्रांवर एकच ठरीव मांडणी ठेवावी आणि तिची प्रत शिक्षकांनी जपावी, म्हणजे बिघडलेले यंत्र चांगल्या यंत्राशी ताडून पाहता येते.

ज्यांना एडिटरशी कर्तव्य नाही, अशांनाही ही शिस्त उपयोगी आहे. इंटरनेट पाहण्याचा ब्राउझर मंद झाला, एखादा अर्ज भरताना बटण चालेनासे झाले, तर त्यालाही एक्स्टेन्शन कारणीभूत असू शकते. फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शन बंद ठेवून तपासणी करण्याची स्वतंत्र सोय आहे. काम सुरक्षित करा, तक्रार नेमकी लिहा, कोऱ्या स्थितीशी ताडून पाहा, निम्मे-निम्मे करीत जा, उलटतपासणी करा आणि मगच निर्णय द्या, हा क्रम कोठेही तोच राहतो. शिक्षकांनी संगणकाच्या तासाला एखादा दोष मुद्दाम निर्माण करून विद्यार्थ्यांकडून तो या क्रमाने शोधून घेतला, तर एडिटर दुरुस्त करण्याबरोबरच पुराव्यावाचून कोणालाही दोष न देण्याचा धडाही त्यांना मिळेल.